वेशीवरची पाटी

दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी ‘शिंपला’ तिसऱ्यांदा झोपला.

शिंपला ही पाणबुडी. खारपुळणच्या किनाऱ्यापासून बोटीने तीन तासांवर, समुद्राच्या तळाशी, ती प्रवाळांची रोपं लावायला गेली होती. आत एकच माणूस होतं, जुईची आई, डॉक्टर सुनेत्रा. आणि ‘झोपला’ म्हणजे शिंपल्याचा संगणक आपोआप बंद पडला आणि आपोआप पुन्हा सुरू झाला. त्याला तीन मिनिटं लागत. तीन मिनिटं तशी काही फार नव्हेत, तेवढ्यात चहासुद्धा निवत नाही. पण वर यायचं तर टाक्यांमधलं पाणी पंपाने सलग अकरा मिनिटं बाहेर ढकलावं लागे. मध्येच संगणक झोपला की पंप थांबायचा आणि ढकललेलं पाणी पुन्हा आत शिरायचं. संकटात सोडून द्यायचं एक वजन पाणबुडीच्या पोटाखाली होतं. त्याच्या कडीत कुणाच्या तरी फाटक्या जाळ्याचे तुकडे अडकून बसले होते.

बॅटरी साडेचारपर्यंत पुरणार होती. मदतीचं जहाज सातला पोचणार होतं. हे दोन आकडे जुईने मघापासून मनात इतक्या वेळा शेजारी ठेवून पाहिले होते, की आता ते तिला डोळे मिटले तरी दिसत होते.

किनाऱ्यावरच्या नियंत्रण-शेडमध्ये तिघं जण होते. यंत्रांपुढे बसलेली रुबिनाताई मुकादम, तिच्या मागे येरझाऱ्या घालणारे जुईचे आजो आणि आजोंचा डबा घेऊन आलेली अकरा वर्षांची जुई. तिला घरी पाठवायचं कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं आणि तिनेही ते कुणाला आठवू दिलं नव्हतं.

आजो म्हणजे आईचे वडील, गुणाजी तांडेल. चाळीस वर्षं पुण्यात संगणकांचे गाभे लिहून ते गावी परतले होते. गाभा (यंत्रातल्या प्रत्येक कामाला जागा आणि वेळ वाटून देणारा मुख्य प्रोग्रॅम) लिहिणारी माणसं मुळात थोडी. त्यातले आपण चांगले, हे आजोंना ठाऊक होतं. ते लोकांनाही ठाऊक असावं म्हणून ते अधूनमधून सांगतही असत. शिंपल्याचा गाभा त्यांचाच होता.

“बाबा,” ध्वनिक्षेपकातून आईचा आवाज आला. पाण्यातून येताना तो खरखरीत होऊन येई. “तुमचा गाभा उठला परत. यावेळी नऊ मिनिटं टिकला. आणखी दोन टिकला असता तर मी वर दिसले असते.”

“हवा कशी आहे?”

“हवा आहे. कॉफी संपली.”

आईचा विनोद ऐकून जुई ध्वनिक्षेपकाच्या आणखी जवळ सरकली. आई एरवी विनोद करत नसे.

“आजोबा,” रुबिनाताई मान न वळवता म्हणाली, “चूक गाभ्यातच असणार. पंप मी दोनदा तपासलाय.”

“माझ्या गाभ्यात? वीस वर्षं चालतोय तो. सव्वाशे यंत्रांत चालतोय. पंपातच काहीतरी असेल.”

“मग हे बघा.” तिने टेबलावरच्या चौकोनी डब्याकडे बोट दाखवलं. ते शिंपल्याच्या संगणकाचं जुळं भावंड होतं, प्रयोगासाठी किनाऱ्यावर ठेवलेलं. “याला पंप जोडलेलाच नाही. तरी हेही झोपतं. कधी चार मिनिटांनी, कधी नऊ. कारण कळावं म्हणून मी त्याला प्रत्येक कामाची नोंद लिहायला लावली, तर बेटं झोपेचना. वीस मिनिटं झाली तरी नाही. नोंद बंद केली, पाच मिनिटांत आडवं.”

“मग नोंद चालूच ठेवा ना,” जुई म्हणाली.

“ठेवली असती गं. पण नोंद लिहिताना गाभा इतका मंदावतो, की पंपाला हुकूम वेळेवर पोचत नाहीत आणि तो स्वतःच थांबतो.”

कोणी पाहत असलं की चूक होत नाही, पाठ वळली की होते. जुईला हे फार ओळखीचं वाटलं.

“वर्गात मॉनिटर नावं लिहायला लागला की असंच होतं,” ती म्हणाली. “सगळे एकदम शहाणे.”

“यंत्राला लाज नसते गो,” आजो म्हणाले आणि चालता चालता थांबले. तपकिरीची डबी उघडली, पण चिमूट घेतली नाही. “लाज नसते,” ते पुन्हा, हळू, म्हणाले. “पण नोंद लिहिताना ते मंद होतं. मंद झालं की चूक नाही. म्हणजे चूक वेगावर आहे. कोण कोणाच्या आधी पोचतं, त्यावर आहे.” त्यांनी रुबिनाताईकडे पाहिलं. “ही शर्यतीची चूक आहे.”

शर्यतीची चूक (दोन कामगार एकाच वस्तूला हात घालतात आणि निकाल बरोबर की चूक हे आधी कोण पोचलं यावर ठरतं, अशी चूक) हे शब्द उच्चारताना आजोंचा चेहरा असा झाला, जणू कुणी त्यांच्याच घरात चोर दाखवून दिला होता.

“कामगार कोण?” जुईने विचारलं.

“संगणकाच्या डोक्यात एकाच वेळी काम करणारे भाग. जुन्या शिंपल्यात एकच होता.”

“नव्यात आठ आहेत,” रुबिनाताई म्हणाली. “गेल्या वर्षी बदलले. मी तुम्हाला फोन करून विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, ‘चालेल की.’”

आजो खडू घेऊन भिंतीवरच्या फळ्याकडे गेले.

“हे बघ जुई. यंत्राची स्मृती म्हणजे पानांची चळत. एका पानावर खोलीचं माप, एकावर हवेचं, एकावर माशांची चित्रं. पानं थोडी, कामं फार, म्हणून वापर संपला की पान पुसून दुसऱ्या कामाला द्यायचं. पण कुणी वाचत असताना पुसलं तर? म्हणून पानाच्या कोपऱ्यात एक आकडा. वाचायला आलीस, एक वाढव. गेलीस, एक कमी कर. शून्य झालं की समजायचं, आत कुणी नाही, पुसा.”

जुईचे कान तापले. तिने तो आकडा पाहिला होता. पानावर नव्हे, पाटीवर. खडू तिच्याच हातात होता.

*

खारपुळणला दर तीन वर्षांनी गावपळण असते. देवाचा कौल मिळाला की सगळा गाव, गुरंवासरं, कोंबड्या-कुत्र्यांसकट, वेशीबाहेर राहुट्या ठोकून तीन दिवस राहतो आणि गाव मोकळा सोडतो. त्या तीन दिवसांत आत चिटपाखरूही राहायचं नाही, हा नियम. मागल्या पळणीला आजोंनी त्यात विज्ञान आणलं होतं. वेशीवर एक पाटी लावली, आत किती माणसं उरली त्याचा आकडा दाखवणारी. बाहेर आलेल्या प्रत्येकासाठी एक कमी करायचा आणि विसरलेली वस्तू आणायला परत आत जाणाऱ्यासाठी एक वाढवायचा. पाटीच्या डाव्या अंगाला जुई, उजव्या अंगाला तिच्या वर्गातला बाबल्या खवणेकर. दोघांकडे एकेक खडू.

आकडा शून्य झाला, गावकाराने, म्हणजे गावच्या मुख्य मानकऱ्याने, ढोल वाजवायला सांगितलं, वेस बंद झाली. आणि अर्ध्या तासाने भागीरथीकाकी काखेत कोंबडी घेऊन वेशीवर उभी.

“मी हंय भितुर आसंय नि तुमी वेस बंद केलास? माका काय देवाक वाढलास?”

गाव हसला, पण मग कुजबुजलाही. पळण बाटली म्हणाले. जुई म्हणाली, बाबल्या चुकला. बाबल्या म्हणाला, जुई चुकली. त्या दिवसापासून आजपर्यंत दोघं एका बाकावर बसले नव्हते.

*

“आजो,” जुई म्हणाली, “दोन कामगार एकदम आले तर?”

“तर दोनदा वाढेल.”

“नाही वाढणार.” ती फळ्याकडे गेली. तिने दोनचा आकडा काढला. “पाटीवर दोन होते. डावीकडून गोपाळमामा तंबाखूची पिशवी आणायला आत गेले. मी दोन वाचले, मनात एक मिळवला, तीन लिहिले. त्याच वेळी उजवीकडून काकी गेली. बाबल्याने पण दोनच वाचले, कारण मी तोवर लिहिलेलं नव्हतं. त्याने पण एक मिळवला, त्याने पण तीनच लिहिले. आत माणसं चार आणि पाटीवर तीन. मग तिघं बाहेर आले, पाटी शून्य. आणि काकी आत.”

रुबिनाताईची खुर्ची वळली.

“वाढवणं हे एक काम नाहीये, आजो. तीन कामं आहेत. वाचायचं, मिळवायचं, लिहायचं. मध्ये दुसरा शिरतो.” आणि मग, जवळजवळ स्वतःशीच, “बाबल्या चुकला नव्हता. मी पण नव्हते.”

आजो फळ्याकडे पाहत राहिले. एकच कामगार असताना मध्ये शिरायला दुसरं कोणी नव्हतंच. वीस वर्षं, सव्वाशे यंत्रं, सगळीकडे एकेकटे कामगार. गाभा बिनचूक नव्हता, त्याला चुकायची संधी मिळाली नव्हती. ती संधी गावच्या पाटीला मिळाली होती, आणि ती पाटीही त्यांचीच.

“खोलीचं माप,” रुबिनाताई भराभर बोलू लागली. “पंपाचा कामगार खोलीचं पान वाचत असतो, आकडा चुकून शून्य होतो, पान पुसून माशांच्या चित्रांना दिलं जातं. कामगार वाचतो तर खोलीच्या जागी माशाची शेपटी. वेड्यासारखं माप दिसलं की गाभा घाबरून बंद पडतो.”

“दोन पन्नास,” आजो म्हणाले. “कुलूप घालू.”

कुलूप (एका वेळी एकालाच वस्तूला हात लावू देण्याचा नियम) म्हणजे काय, हे जुईला एका वाक्यात कळलं. खडू एकच ठेवायचा. ज्याच्या हातात खडू, तोच वाचणार, मिळवणार, लिहिणार. तोवर दुसऱ्याने थांबायचं. आजोंनी पंधरा मिनिटांत ओळी लिहिल्या. पाण्यातून नवा प्रोग्रॅम पाठवायला नऊ मिनिटं लागत, म्हणून रुबिनाताईने तो आधी जुळ्या भावंडावर चढवला.

एक मिनिट. तीन. पाच. जुईने श्वास मोजले. सहा.

सातव्या मिनिटाला त्याचा हिरवा दिवा विझला.

बाहेर किनाऱ्यावर कुणीतरी होडीला डांबर लावत होतं, त्याचा वास शेडमध्ये येत होता.

“आकडा आता बरोबर आहे,” आजो म्हणाले. त्यांचा आवाज म्हाताऱ्या माणसाचा झाला होता. “तरी झोपतंय. का?”

जुईने डोळे मिटले आणि वेशीवर परत गेली. डावं अंग, उजवं अंग, धूळ. काकी येते आहे, कोंबडीच्या नावाने हाका मारते आहे. काकीचा पाय वेशीच्या आत पडला. आणि बाबल्या कुठे आहे? बाबल्या खडू उचलायला वाकलेला आहे.

“फट आहे,” ती म्हणाली. “पाय आणि खडूच्या मध्ये. काकी आत गेली, पण अजून मोजली गेली नाही. नेमकं तेव्हाच पाटीवर शून्य असलं आणि गावकाराने बघितलं, तर वेस बंद. खडू एक असो नाही तर दहा.”

“पानाचा पत्ता शोधणं आणि आकडा वाढवणं यांच्यामध्ये,” रुबिनाताई पुटपुटली. “बरोबर आहे. पत्ता हातात, मोजदाद व्हायचीय, तेवढ्यात पान पुसलं.”

“मग वेशीलाच कुलूप,” आजो म्हणाले. “एका वेळी एकच जण—”

“मग आठही जण रांगेत, आजोबा. पंपाला हुकूम उशिरा. पुन्हा तेच.”

घड्याळात तीन वीस झाले होते. ध्वनिक्षेपकातून आई म्हणाली, “काही सापडलं का? घाई नाही.”

घाई नाही म्हणणारं माणूस घाईत असतं. जुई फळ्यावरून आजोंकडे वळली.

“आजो, तुमच्या पाटीच्या आधी काय करायचे?”

“आधी?” त्यांनी हात झटकला. “जुनं काहीतरी. झावळ्या.”

“कसल्या झावळ्या?”

ते सांगायला आजोंना जड जात होतं. तीन वर्षांपूर्वी याच झावळ्यांवर ते भर सभेत हसले होते. “गावात वाड्या पाच. पहाटे पहिला ढोल वाजला की त्यानंतर कोणी आत जायचं नाही, तंबाखू राहो की कोंबडी. जे आत आहेत, त्यांनी हातातलं आवरून आपल्या सवडीने निघायचं. प्रत्येक वाडीचा मानकरी सगळ्यात शेवटी निघतो. मागे कोणी नाही हे बघून वेशीवर आपल्या ठरल्या जागी माडाची एक झावळ रोवतो. पाच झावळ्या उभ्या राहिल्या की—”

त्यांची नजर फळ्यावरच्या आकड्यावर गेली.

“माणसं मोजायचीच नाहीत,” जुई म्हणाली.

“आणि एकाच पाटीवर दोघांनी लिहायचंच नाही,” रुबिनाताई म्हणाली. “प्रत्येकाची झावळ वेगळी.”

आजोंनी फळा पुसला, बाहीनेच. “पान पुसायचंय? आधी यादीतून त्याचं नाव काढायचं. हा पहिला ढोल. आता नवा कामगार ते शोधायला आला तर त्याला सापडणारच नाही, नवं पान सापडेल. जे आधीच वाचत बसलेत त्यांना वाचू द्यायचं, हटकायचं नाही, थांबवायचं नाही. आठही कामगारांपैकी प्रत्येकाने हातातलं काम एकदा संपवलं, हात मोकळे केले, की आपल्या जागी एक झावळ. आठ झावळ्या झाल्या की त्या पानावर कोणी असूच शकत नाही. मग पुसा.”

“आणि काम संपल्यावर पान खिशात घालून न्यायचं नाही,” जुईने बजावलं.

“नाही न्यायचं. तो नियमच.”

एकेचाळीस ओळी झाल्या. पावणेचार वाजले. जुळ्या भावंडावर चढवून वीस मिनिटं वाट पाहण्याइतका वेळ उरला नव्हता. आणि आजो म्हणाले, वेळ असता तरी ते पुरलं नसतं. वीस मिनिटं झोपलं नाही, म्हणजे कधीच झोपणार नाही असं थोडंच आहे? मागचा गाभा वीस वर्षं झोपला नव्हता.

त्यांनी जुईने आणलेल्या डब्यातल्या काजूबिया टेबलावर ओतल्या. “या आठ कामगार. हा कागद म्हणजे पान. आता तू माझी वैरीण हो. वाटेल तो क्रम लाव, वाटेल तिथे कुणालाही थांबव. माझं पान वाचता वाचता पुसून दाखव.”

जुईने वैर मनापासून केलं. तिने एका बीला नाव काढण्याच्या अगदी आदल्या क्षणी पान शोधायला लावलं. चाललं नाही, कारण त्या बीचं काम संपलेलं नव्हतं, तिची झावळ नव्हती. तिने दोन बियांना एकदम हात मोकळे करायला लावलं. चाललं नाही, दोघींच्या जागा वेगळ्या. तिने एका बीला मध्येच झोपवून ठेवलं. पान पुसायला उशीर झाला, पण चुकीचं पुसलं गेलं नाही. एक बी तिने कपाळाला घाम येईपर्यंत फिरवली.

“नाही मोडत,” ती शेवटी म्हणाली.

“पाठव,” आजो रुबिनाताईला म्हणाले.

तीन एकोणपन्नास ते तीन अठ्ठावन्न. पडद्यावरची पट्टी गोगलगाईसारखी सरकत होती. मग शिंपला एकदा मुद्दाम झोपवला. तीन मिनिटं काहीच नाही, आवाजही नाही. चार वाजून एक मिनिटाने खरखर आली.

“उठला,” आई म्हणाली. “पंप सुरू करते.”

पहिली चार मिनिटं गेली. पाचव्याला आजोंनी डबी उघडली आणि बंद केली. सातव्याला रुबिनाताईने ओठ हलवायला सुरुवात केली, ती काय म्हणत होती ते ऐकू येत नव्हतं. नवव्याला, जिथे मागच्या वेळी सगळं संपलं होतं, जुईने एक काजूबी मुठीत इतकी घट्ट धरली, की तिचा आकार तळहातावर उमटला.

दहाव्या मिनिटाला खरखर थांबली.

“आई?”

उत्तर नाही. रुबिनाताईने बटणं दाबली. “वर तरंगणाऱ्या बोयापर्यंत आवाज पोचत नाहीये. पाणबुडी हलली की दिशा बदलते. किंवा—” ते ‘किंवा’ तिने तसंच सोडलं.

अकरा मिनिटं झाली. बारा. पंधरा. आजो खुर्चीत बसले होते. मघापासून पहिल्यांदाच बसले होते. त्यांनी जुईचा हात धरला होता की जुईने त्यांचा, हे नंतर दोघांनाही सांगता आलं नाही.

चार वाजून एकवीस मिनिटांनी ध्वनिक्षेपकातून एक कर्कश, भांडखोर आवाज आला. मग आणखी एक. समुद्रपक्षी होते ते. मागोमाग लाटेची थप्पड, आणि स्वच्छ, कोरडा, पाण्यातून न आलेला आवाज:

“फार ऊन आहे हो वर. टोपी आणायला हवी होती.”

रुबिनाताईने डोकं टेबलावर टेकलं. आजोंनी चिमूटभर तपकीर ओढली, शिंकले आणि शिंकेच्या आडोशाने डोळे पुसून घेतले.

“बाबा, चूक कुणाची होती?”

आजोंनी जुईकडे पाहिलं. मग ध्वनिक्षेपकाजवळ तोंड नेऊन म्हणाले, “माझी. दोनदा. एकदा यंत्रात, एकदा वेशीवर.” चौऱ्याहत्तर वर्षांत हे वाक्य त्यांनी पहिल्यांदा उच्चारलं असावं, कारण आईने त्यांना ते पुन्हा एकदा म्हणायला लावलं.

संध्याकाळी मदतीच्या जहाजाने शिंपला ओढत आणायला घेतला, तेव्हा आजो त्या एकेचाळीस ओळी नीट लिहून काढत बसले होते. उद्या त्या सव्वाशे यंत्रांना पाठवायच्या होत्या, नवे कामगार बसवण्याआधीच. आठ झावळ्या तपासणाऱ्या तुकड्याला नाव द्यायचं राहिलं होतं. त्यांनी काहीतरी भारदस्त लिहिलं, खोडलं आणि जुईला विचारलं.

तिने सांगितलं. ते हसले आणि त्यांनी तेच लिहिलं. तेव्हापासून त्या गाभ्यावर चालणारं प्रत्येक यंत्र, पाण्याखालचं असो की आभाळातलं, एखादं पान पुसण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारतं: ‘काकी बाहेर आली का?’

जुई मात्र नाव सांगून थांबली नाही. आई धक्क्याला लागायला अजून तीन तास तरी होते आणि खवणेकरांचं घर वाटेतच होतं. बाबल्या अंगणातल्या दिव्याखाली सायकलची साखळी चढवत होता. तिला बघून त्याने मान खाली घातली.

ती त्याच्यासमोर मातीत बसली, खिशातून काजूबिया काढल्या आणि बोटाने मातीत दोनचा आकडा काढला.

“ही मी,” ती म्हणाली, “हा तू. आता बघ, आपण दोघं कसे बरोबर होतो ते.”